मेल उशिरा येतायत? फिल्टर बंद करण्याआधी सर्व्हरचा डीएनएस बघा

"मेल तासाभराने येतायत, तो स्पॅम फिल्टर बंद करून टाका." हा फोन आम्हाला आठवड्याला दोन-तीनदा येतो, मार्चअखेरीला तर रोज. बंद करायला एक मिनिट पुरतं. तरी आम्ही करत नाही, कारण बहुतेक वेळा दोष फिल्टरचा नसतो.

आपल्या सर्व्हरवर स्पॅमअ‍ॅसॅसिन हा स्पॅम फिल्टर आहे. पाठवणाऱ्याचा आयपी आणि मेलमधल्या लिंक काळ्या यादीत आहेत का, हे तो स्पॅमहाउस, यूआरआयबीएल अशा याद्यांना डीएनएसवरून (इंटरनेटवरची नावं-पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेतून) विचारतो. उत्तर आलं नाही तर मूळ सेटिंगप्रमाणे १५ सेकंदांपर्यंत थांबतो. एका वेळी मेल तपासणारे चाइल्ड (फिल्टरच्या प्रोसेस) मुळात पाचच. मेलमागे १ सेकंद लागला तर मिनिटाला ३०० मेल सुटतात. १५ सेकंद लागले तर फक्त २०. बाकीचे रांगेत.

उत्तर का येत नाही? "नेट स्लो आहे" म्हणून कोणीतरी सर्व्हरमध्ये ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस टाकलेला असतो. ऑफिसच्या पीसीला तो उत्तम, पण मेल सर्व्हरला चालत नाही. तिथून जगभरातल्यांच्या चौकशा एकत्र जातात, म्हणून स्पॅमहाउस खरं उत्तर न देता १२७.२५५.२५५.२५४ हा नकाराचा कोड पाठवतं. काही याद्या तर गप्पच बसतात. म्हणजे चांगले मेल रखडतात आणि स्पॅम आत येतो. मेलच्या हेडरमध्ये (मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदीत) 'यूआरआयबीएल ब्लॉक्ड' दिसलं की समजा, गडबड इथेच आहे.

यावर चाइल्ड वाढवणं हा उपाय नाही. एका ग्राहकाकडे पाचाचे चाळीस केले होते. मेमरी संपली, सर्व्हर स्वॅपवर (मेमरीऐवजी संथ डिस्कवर) गेला आणि संध्याकाळपर्यंत दोन हजार मेल अडकले. आम्ही चाइल्ड पुन्हा पाच केले, ८.८.८.८ काढून १२७.०.०.१ (म्हणजे सर्व्हर स्वतःच) टाकला, सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस बसवला. लॉगमधला स्कॅनटाइम (एक मेल तपासायला लागणारा वेळ) पंधरा सेकंदांवरून एकच्या आसपास आला आणि अर्ध्या तासात रांग मोकळी झाली.

म्हणूनच आम्ही प्रत्येक सर्व्हरवर अनबाउंड बसवतो आणि तो चौकशी दुसऱ्या कुठल्या डीएनएसकडे फॉरवर्ड न करता थेट याद्यांनाच विचारेल असा ठेवतो. "हे कशाला हवं?" असं बरेच जण विचारतात. हवं ते यासाठीच. एएमसीत दर तीन महिन्यांनी आम्ही हे तपासतो, वेगळे पैसे नाहीत. एएमसी नसेल तर एकदा तपासणी करून घ्या. साधारण तासाभराचं काम आहे.

५०० केबीपेक्षा मोठे मेल फिल्टरकडे जात नाहीत, तेही मुद्दाम. स्पॅम सहसा एवढा मोठा नसतो आणि मोठ्या ड्रॉइंगच्या फाइली तपासत बसलं तर सगळ्यांचंच काम अडतं.

फोन करण्याआधी एक करा. उशिरा आलेला मेल फॉरवर्ड करू नका, त्यात मूळ हेडर राहत नाही. तो ईएमएल फाइल म्हणून सेव्ह करा आणि जोडून पाठवा. त्यातल्या 'रिसीव्ह्ड' ओळींच्या वेळा खालून वर वाचल्या की मेल कुठे अडकला ते कळतं. पुष्कळदा तो पाठवणाऱ्याच्याच सर्व्हरवर थांबलेला निघतो.