पोचपावतीचा हिशेब चुकतो तेव्हा

इंटरनेटवर फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते, आणि समोरचा प्रत्येक वेळी कुठवर मिळालं याची पोच देतो. पोच येईपर्यंत पाठवणाऱ्या मशीनचा कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तो तुकडा मेमरीत धरून ठेवतो. ही देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते त्या टीसीपीला १९९६ पासून 'सॅक'ची (निवडक पोच) जोड आहे : 'सातवा आला नाही, पण आठ ते बारा आलेत' असं सांगता येतं. मग फक्त सातवाच पुन्हा पाठवायचा.

सोय उत्तम, पण हिशेब वाढला. मेमरी वाचावी म्हणून लिनक्स कर्नेल असे पोच मिळालेले, पण सातवा पोचेपर्यंत धरून ठेवावे लागणारे शेजारशेजारचे तुकडे एकाच बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) गोळा करतो, आणि त्यात किती तुकडे आहेत तो आकडा १६ बिटांत ठेवतो. म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. भरपूर वाटतं ना?

आता गंमत बघा. एका बफरला १७ कप्पे, प्रत्येकात ३२ केबीपर्यंत माल. तुकडा किती मोठा असावा याची मर्यादा मात्र समोरचा सांगतो, आणि त्याने अगदी कमी सांगितली तरी लिनक्स ४८ बाइटपर्यंत खाली उतरत असे. त्यातले ४० टीसीपीच्या स्वतःच्या जादा नोंदींत ('ऑप्शन्स') जाऊ शकतात, डेटाला उरतात ८. एकूण ५,५७,०५६ बाइट भागिले ८, म्हणजे ६९,६३२ तुकडे. आकडा मावत नाही, गाडीच्या मीटरसारखा उलटून पुन्हा शून्याजवळ येतो. पुढच्या ओळीत कर्नेल स्वतःच बेरीज पडताळतो, ती जुळत नाही, आणि तो जागीच थांबतो. अख्खा सर्व्हर बंद, तोही दुरून, कुणीही पाडावा असा.

कोडमध्ये हे २००९ पासून होतं. २०१९ च्या जूनमध्ये नेटफ्लिक्सच्या एका अभियंत्याने ते उघडकीला आणलं. दुरुस्ती मोजक्या ओळींची : गोळा करण्याआधी बेरीज बघा, ६५,५३५ च्या वर जात असेल तर गोळा करू नका. हा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, लावेपर्यंत सॅकच बंद ठेवा, हा तात्पुरता तोडगा होता.

मला जास्त रस वाटतो तो सोबतच्या दुसऱ्या पॅचमध्ये. मुद्दाम बारीक तुकडे पाडायला लावून मेमरी खाणाऱ्यांना आवरायला त्याने पाठवण्याच्या बफरच्या आकाराशी बांधलेली एक मर्यादा घातली. पण ज्या सरळमार्गी प्रोग्रामांनी आपला पाठवण्याचा बफर अगदी लहान ठेवला होता, तेही त्या मर्यादेत अडकले. न पाठवलेल्या डेटालाही ती लागू होत होती! तिची अट सैल करणारा आणखी एक पॅच लगेच काढावा लागला.