ब्लॅक हिस्टरी मंथ आला कुठून?

फेब्रुवारी लागला की अमेरिकेतल्या शाळांच्या भिंतींवर ठरावीक चेहरे दिसू लागतात: मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स, हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस. ग्रंथालयं पुस्तकं मांडतात, राष्ट्राध्यक्ष निवेदन काढतात, कंपन्या जाहिराती करतात. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेला हा महिना सुरुवातीला फक्त एक आठवडा होता. तो पहिल्यांदा पाळला गेला फेब्रुवारी १९२६ मध्ये, म्हणजे २०२६ साली या उपक्रमाला शंभर वर्षं झाली. तो सुरू करणाऱ्या कार्टर वुडसन यांचं नाव अमेरिकेबाहेर फार कुणाला ठाऊक नसतं. हा इतिहास बऱ्याच अंशी त्यांच्या हट्टाचा आहे.

वुडसन यांचा जन्म १८७५ चा, व्हर्जिनियातला. आईवडील दोघंही गुलामीत जन्मलेले. शेतीच्या कामामुळे शाळा जेमतेम, पुढे वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत मजुरी. तिथे ऑलिव्हर जोन्स नावाचे एक कृष्णवर्णीय खाणकामगार होते, यादवी युद्धात लढलेले. त्यांच्या घरी संध्याकाळी कामगार जमायचे. जोन्स यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, पण घरात पुस्तकं आणि वर्तमानपत्रं होती. ती मोठ्याने वाचून दाखवायचं काम तरुण वुडसन यांच्याकडे आलं आणि मोबदला म्हणून फळं आणि आइस्क्रीम. निवृत्त सैनिकांच्या तोंडून ऐकलेला युद्धाचा इतिहास आणि पुस्तकातला इतिहास यांत किती अंतर आहे हे त्यांना कळलं ते तिथेच, हार्वर्डच्या कितीतरी आधी.

हायस्कूलमध्ये ते दाखल झाले तेव्हा विशीला टेकले होते. दोन वर्षांच्या आत ते शिक्षण उरकलं आणि काही वर्षांत त्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले. केंटकीतल्या बेरिया कॉलेजातून १९०३ मध्ये पदवी घेतली. गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवायला बंदी करणारा कायदा केंटकीने १९०४ मध्ये केला, म्हणजे एका वर्षाने उशीर झाला असता तर ते दार बंदच झालं असतं. मग फिलिपिन्समध्ये शिक्षकी, शिकागो विद्यापीठ आणि १९१२ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय. पहिले समाजशास्त्रज्ञ आणि इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, १८९५ मध्ये.

त्या काळचा विद्यापीठांतला इतिहास कसा होता हे पाहिल्याशिवाय पुढचं समजत नाही. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असं मानणारे प्राध्यापक खुद्द हार्वर्डमध्ये होते. कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य असं मांडत होते की युद्धानंतर मुक्त झालेल्यांना मतदानाचा हक्क देणं हीच चूक होती. (बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात त्याच विद्यापीठात शिकत होते.) १९१५ मध्ये कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेला नायक ठरवणारा एक मूकपट देशभर गाजला, व्हाइट हाउसमध्येही दाखवला गेला. विद्वानांनी जे ग्रंथांत लिहिलं तेच पडद्यावर आलं होतं.

त्याच १९१५ च्या उन्हाळ्यात गुलामीमुक्तीला पन्नास वर्षं झाली म्हणून शिकागोत मोठं प्रदर्शन भरलं. हजारो कृष्णवर्णीय लोक रांगा लावून आपल्याच समाजाच्या कर्तृत्वाच्या वस्तू बघायला येत होते. वुडसन तिथे एक दालन लावून बसले होते. ही भूक त्यांनी पाहिली आणि ९ सप्टेंबरला शिकागोतल्या वाय.एम.सी.ए.च्या इमारतीत चारपाच जणांना जमवून एक संस्था काढली: असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ निग्रो लाइफ अँड हिस्टरी (‘निग्रो’ हा कृष्णवर्णीयांसाठी तेव्हाचा रूढ शब्द). जानेवारी १९१६ मध्ये संस्थेचं संशोधन-त्रैमासिक निघालं. पहिल्या अंकाच्या छपाईला पैसे नव्हते, तेव्हा वुडसन यांनी स्वतःच्या आयुर्विम्यावर ४०० डॉलरचं कर्ज काढलं.

पैशाची गोष्ट इथे महत्त्वाची आहे. १९२० च्या दशकात कार्नेगी आणि रॉकफेलर यांच्या निधींतून मोठ्या देणग्या मिळाल्या. पण संस्था एखाद्या विद्यापीठाला जोडून घ्या, असा आग्रह होऊ लागला तेव्हा वुडसन यांनी साफ नकार दिला. पुढे त्या देणग्या आटल्या. त्यानंतर संस्था चालली ती शाळाशिक्षक, चर्चची मंडळं, महिला क्लब यांच्या लहानसहान वर्गण्यांवर. माणूस तापट आणि एककल्ली होता. हॉवर्ड विद्यापीठात डीन झाले आणि वर्षभरात अध्यक्षांशी भांडून बाहेर पडले. लग्न केलं नाही. १९२१ मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि १९२२ मध्ये वॉशिंग्टनच्या नवव्या रस्त्यावर एक तीन मजली घर घेतलं. खाली कचेरी आणि पुस्तकांचे गठ्ठे, वरच्या मजल्यावर स्वतःचं बिऱ्हाड. आपलं काम कुणाच्या मेहेरबानीवर चालू नये, यासाठी त्यांनी जी किंमत मोजली ती मला त्यांच्या ग्रंथांइतकीच मोलाची वाटते.

आता फेब्रुवारी. वर्षातला सर्वांत लहान महिना मुद्दाम दिला, असा टोमणा अमेरिकेत नेहमी ऐकू येतो. खरं कारण वेगळं आहे. अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस १२ फेब्रुवारी, गुलामीतून निसटून गुलामीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचा १४ फेब्रुवारी. कृष्णवर्णीय वस्त्यांत हे दोन्ही दिवस आधीपासून साजरे होत होते. कार्यकर्त्या मेरी चर्च टेरेल यांनी तर वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय शाळांत १८९७ मध्येच डग्लस दिन सुरू करवला होता. आपल्याकडे ११ एप्रिलला जोतीराव फुले आणि १४ एप्रिलला बाबासाहेब अशा लागोपाठ जयंत्या येतात आणि तो सगळा आठवडाच भारलेला असतो, तसाच हा प्रकार. डग्लस यांची तारीख मात्र त्यांनी स्वतः ठरवलेली. गुलामांच्या जन्माच्या नोंदी कोण ठेवणार? आई आपल्याला लाडाने ‘व्हॅलेंटाइन’ म्हणायची एवढी आठवण त्यांच्यापाशी होती, त्यावरून १४ फेब्रुवारी. ज्या लोकांचे जन्मदिवससुद्धा नोंदले गेले नाहीत त्यांच्या इतिहासाचा आठवडा अशा तारखेवर बेतलेला आहे.

वुडसन यांनी लोक आधीच जे करत होते त्याला धरून घेतलं, पण त्यांना जायचं होतं त्याच्या पुढे. इतिहास एकट्या थोर माणसांनी घडवलेला नसतो, ही त्यांची ठाम समजूत होती. लिंकन यांचे गोडवे गाताना यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने लढलेले जवळपास दोन लाख कृष्णवर्णीय सैनिक आणि खलाशी विसरले जातात, हे त्यांना खुपत असे. वेगळा ‘निग्रो इतिहास’ सांगण्यापेक्षा जगाच्या इतिहासातलं निग्रोंचं स्थान सांगा, असं ते म्हणत. तरीही शाळांना पाठवायच्या संचांत थोर व्यक्तींच्या तसबिरी असायच्याच. तसबिरीला मागणी होती आणि त्यांना व्यवहार कळत होता. ही ओढाताण त्या आठवड्यात पहिल्या दिवसापासून होती, आजच्या महिन्यातही आहे.

आठवडा उचलून धरला तो शिक्षकांनी. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्यांच्या शाळा वेगळ्या, फुटक्या बाकांच्या, गोऱ्या शाळांतून आलेल्या जुन्या पाठ्यपुस्तकांच्या. पण शिकवणारे कृष्णवर्णीयच होते आणि वर्गाचं दार लागलं की आत काय चाललंय याची गोऱ्या शिक्षण मंडळांना फारशी फिकीर नसे. १९३० च्या दशकात लुइझियानातली एक शिक्षिका सरकारी अभ्यासक्रम टेबलावर उघडा ठेवी आणि वुडसन यांचं पुस्तक मांडीवर ठेवून त्यातून शिकवी. कुणी तपासायला आलंच तर नजर वर उचलून टेबलावरचं वाचायचं. नाटुकल्या, तक्ते, पाठांची टिपणं वॉशिंग्टनच्या त्या घरातून टपालाने जात. शिक्षकांसाठी सोप्या भाषेतलं मासिक हवं, हा आग्रह मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांचा. ते १९३७ मध्ये निघालं.

बेथ्यून यांच्यावर थोडं थांबायला हवं. गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या सतरा मुलांपैकी त्या पंधराव्या. १९०४ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना इथे त्यांनी हातात दीड डॉलर असताना मुलींची शाळा काढली, तिचं पुढे कॉलेज झालं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या प्रशासनात त्यांनी कृष्णवर्णीय तरुणांच्या रोजगाराचा विभाग सांभाळला. १९३६ पासून दीड दशक त्या वुडसन यांच्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या, अध्यक्षपदावरच्या पहिल्या स्त्री. वुडसन यांच्याशी जमवून घेऊन काम करणं ही स्वतंत्र कामगिरीच म्हणायची.

वुडसन १९५० मध्ये गेले. त्यानंतर जे झालं ते थोडं विचित्र आहे. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. मोठा विजय होता. पण पुढे एकत्रीकरण करताना दक्षिणेत काळ्यांच्या शाळा बंद झाल्या आणि त्यांतले शिक्षक, मुख्याध्यापक मोठ्या संख्येने नोकरीवरून गेले. ज्यांच्या खांद्यावर हा आठवडा होता तेच गेले. मुलं गोऱ्या शाळांत आली आणि तिथल्या पुस्तकांत त्यांचे पूर्वज नव्हते. १९६० च्या दशकात विद्यापीठांत जी मुलं ‘आमचा इतिहास कुठे आहे’ म्हणून भांडायला उभी राहिली, त्यांच्या संतापाचं एक मूळ इथे आहे. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी १९६९ मध्ये मागणी केली आणि १९७० मध्ये तिथे आठवड्याऐवजी महिना पाळला गेला.

१९७६ मध्ये वुडसन यांच्या संस्थेने अधिकृतपणे महिना जाहीर केला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं ते द्विशताब्दी वर्ष. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी संदेश काढला आणि १९८६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ठराव केला. ब्रिटनमध्ये हा महिना ऑक्टोबरात येतो. लंडनमध्ये काम करणाऱ्या घानाच्या अकियाबा अडाई-सेबो यांनी तो १९८७ मध्ये सुरू केला आणि शाळेच्या नव्या वर्षाच्या सुरुवातीची वेळ निवडली. कॅनडात ग्रेनाडाहून आलेल्या खासदार जीन ऑगस्टिन यांचा ठराव १९९५ मध्ये संसदेत एकमताने मंजूर झाला.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध जुना आहे. वुडसन जन्मण्याच्या दोन वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या आणि ड्यू बॉइस यांचं आपुलकीचं उत्तर आलं. १९७२ च्या मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. गेल्या काही वर्षांत एप्रिलमध्ये दलित इतिहास महिना पाळला जातो, तोही अमेरिकेतल्या या महिन्याच्या धर्तीवर.

अमेरिकेत हा विषय पुन्हा तापला आहे. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या शिक्षण खात्याने शाळांतला आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा नवा कोर्स नाकारला. २०२५ च्या जानेवारीअखेर संरक्षण खात्याने असे सगळे महिने सरकारी खर्चाने पाळणं बंद केलं. त्यामुळे फेब्रुवारी संपल्याचं काही दिसत नाही, कारण तो सरकारी कार्यक्रम म्हणून जन्मलाच नव्हता. त्याचा वार्षिक विषय आजही वुडसन यांनी काढलेली संस्थाच ठरवते. २०२६ साठी तिने निवडलेला विषय आहे, या उत्सवाचीच शंभर वर्षं.