संगमावरचा वकील

माथेरानला जाऊन आलेल्यांना मॅलेट हे नाव ओळखीचं असतं. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली तो डोंगर चढला आणि मुंबईच्या साहेबांना थंड हवेचं ठिकाण सापडलं. (धनगर, ठाकर, कातकरी तिथे आधीपासूनच होते, पण त्यांना कोण विचारतो!) पुण्याने मात्र हे नाव त्याच्याही साठ वर्षं आधी ऐकलं होतं. ह्यूचा बाप चार्ल्स वॉर मॅलेट हा पेशवे दरबारात इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, होता.

त्याच्या आधी इंग्रजांचा मॉस्टिन पुण्यात राहून गेला होता, १७७६ मध्ये त्यांचाच अप्टन पुरंदरचा तह करून गेला. पुढे १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची फजिती झाली आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने इंग्रज-मराठा युद्ध थांबलं. हा तह महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने झालेला, त्यामुळे पुण्याशी बोलायचं तर ते महादजींमार्फत, असं होऊन बसलं. पुण्यात इंग्रजांचा वेगळा वकील बसणं त्यांना कसं रुचावं? म्हणून १७८५ मध्ये मॅलेटला सुरतेहून उज्जैन, ग्वाल्हेर करत आधी महादजींची छावणी गाठावी लागली. पुण्यात तो आला १७८६ च्या मार्चमध्ये.

मुळा-मुठेच्या संगमावर त्याने ठाणं मांडलं. नाना फडणविसांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे जे करत, तेच हा इथे करणार, हे ते जाणून होते. दरबारात हजेरी लावायची, कोण कोणावर रुसलंय ते हेरायचं आणि रोजच्या बातम्या कलकत्त्याला धाडायच्या. ती पत्रं पुढे इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादित केली. पेशवाईच्या शेवटच्या दशकांवर लिहिणाऱ्याला आज त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मॅलेटची मोठी कमाई म्हणजे १ जून १७९० चा करार. टिपूविरुद्ध पेशवे आणि कंपनी एक झाले, महिन्याभरात निजामही आला. परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके फौजा घेऊन कर्नाटकात उतरले. १७९२ मध्ये टिपूला निम्मा मुलूख सोडावा लागला. मॅलेटला १७९१ मध्येच बॅरनेट किताब मिळाला होता. मराठ्यांनाही मुलूख मिळाला, पण दक्षिणेत इंग्रजांना रोखू शकेल असा एक गडी त्यांनी आपल्याच हाताने अर्धा केला, असं मला वाटतं.

या माणसाची दुसरी बाजू जास्त गमतीची आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्याच्या आश्रयाने पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना यांचं त्याने काढलेलं चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पेशव्यांच्या परवानगीने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे गंगाराम तांबट हा चित्रकार तयार झाला. त्याने मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली. वेल्सनेच कावसजी नावाच्या गाडीवानाचं चित्र काढलं. टिपूच्या लोकांनी कापलेलं त्याचं नाक पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून पुन्हा बसवलं होतं. १७९४ मध्ये ती हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली आणि युरोपातले शल्यविशारद चकित झाले.

पुण्यात मॅलेटच्या घरी अंबर कौर ही स्त्री होती, तिच्यापासून त्याला तीन मुलं झाली. वेल्स १७९५ मध्ये साष्टीत तापाने गेला. मॅलेटने १७९७ मध्ये पुणं सोडलं आणि इंग्लंडला परतल्यावर १७९९ मध्ये वेल्सच्याच मुलीशी, सुझानाशी लग्न केलं. तिला आठ मुलगे झाले, ह्यू त्यांतलाच. थोरला अलेक्झांडर बापासारखाच राजनैतिक सेवेत गेला आणि नातू एडवर्ड बर्लिनला ब्रिटनचा राजदूत झाला.

मॅलेट १८१५ मध्ये वारला. दोन वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीची लढाई चालू असताना पेशव्यांच्या फौजेने संगमावरची रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज वकिलाचं ठाणं, जाळून टाकली. तेव्हा इंग्रजांचा वकील एल्फिन्स्टन होता.