पाकळीला झालर कशी येते?

केक डेकोरेशनच्या क्लासमध्ये मी गम पेस्टचा, म्हणजे डिंक घातलेल्या साखरेच्या पेस्टचा, केलेला पहिला गुलाब मॅडमनी हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, हे कार्नेशन झालं. गुलाबाच्या पाकळीला झालर नसते, टोक असतं." त्यांचं बरोबर होतं. मी प्रत्येक पाकळीच्या कडेवरून बॉल टूल मनसोक्त फिरवलं होतं. झालर इतकी छान पडत होती, की थांबवेना.

बॉल टूल म्हणजे टोकाला गुळगुळीत गोळी असलेली दांडी. पाकळी फोम पॅडवर ठेवायची आणि गोळी अर्धी पाकळीवर, अर्धी फोमवर राहील अशी हलक्या हाताने कडेने फिरवायची. दाबाखाली पेस्ट पातळ होते. पण पेस्ट नाहीशी तर होत नाही. ती पसरते आणि कड लांब होते. समजा, 2 सेंटीमीटर त्रिज्येची गोल चकती घेतली. तिचा परीघ साधारण 12.6 सेंटीमीटर. कड 20 टक्क्यांनी ताणली तर ती 15 सेंटीमीटरच्या पुढे जाते, त्रिज्या मात्र जवळपास तेवढीच राहते. हे जास्तीचे अडीच सेंटीमीटर सपाट राहून मावायचे कुठे? ते वरखाली होतात. शिवणकामात लांब पट्टी आखूड कापडावर चुण्या घालून बसवली की जी झालर येते, तीच ही. फक्त इथे चुण्या घालायला कुणी लागत नाही, त्या आपोआप पडतात.

आता तीच गोळी कडेऐवजी पाकळीच्या मध्यावर दाबा. मध्य पसरतो, त्याच्या मानाने कड आखूड पडते आणि पाकळीची वाटी होते. साधन तेच, पेस्ट तीच, फक्त ताण कुठे दिला एवढाच फरक. गणितज्ञ कार्ल फ्रिडरिश गाऊस यांनी 1827 साली हे नेमकं मांडलं होतं: पृष्ठभागावरची अंतरं ठरली की त्याची वाटीसारखी किंवा झालरीसारखी वक्रताही ठरते. म्हणूनच कागद कितीही गुंडाळला तरी तो ताणल्याशिवाय त्याची वाटी होत नाही.

खऱ्या फुलांकडे बॉल टूल नसतं, वाढ असते. कडेच्या भागाची वाढ मधल्या भागापेक्षा जास्त झाली, की परिणाम तोच. 2011 मध्ये हैयी लियांग आणि एल. महादेवन यांनी लिलीच्या कळ्यांचा अभ्यास करून दाखवलं, की कळी उमलण्यामागे मुख्य जोर पाकळ्यांच्या कडांच्या जास्तीच्या वाढीचा असतो. आधी आत वाकलेली पाकळी त्या वाढीमुळे बाहेर उलटते आणि तिच्या कडेला लाटाही येतात. हे कळल्यापासून लिलीची पाकळी करताना मी कडेला जास्त वेळ देते आणि मधल्या शिरेला जवळजवळ हात लावत नाही.

मग गुलाबाचं काय? मॅडमनी सांगितलेल्या त्या टोकाचं उत्तर 2025 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी दिलं. गुलाबाच्या पाकळीत कडेची लांबी मधल्या भागाला साजेशीच असते, म्हणून झालर पडत नाही. पण वाढता वाढता कड सगळीकडून मागे वळू पाहते, आणि सलग गोलाकार कडेने असं वळणं भूमितीत बसत नाही. ताण थोड्याच ठिकाणी एकवटतो आणि तिथे टोकं उमटतात. म्हणजे झालर आणि टोक ही दोन वेगळ्या अडचणींची उत्तरं आहेत. साखरेचा गुलाब करताना कड फक्त पातळ करायची, ताणून लांब करायची नाही, आणि टूथपिकवर दोन बाजूंनी मागे वळवायची. मधे टोक आपसूक उभं राहतं.

हे सगळं पेस्ट ऐकते म्हणून जमतं. नुसता फॉन्डंट, म्हणजे केकवर पसरतात ती मऊ साखरेची पेस्ट, असा ताणला तर फाटतो किंवा आकार न धरता लोळतो. गम पेस्टमध्ये बारीक दळलेल्या साखरेच्या कणांमध्ये थोडंसं पाणी असतं आणि त्या पाण्यात गमच्या लांबलचक साखळ्या. पूर्वी यासाठी ट्रॅगाकँथ हा झुडपांपासून मिळणारा डिंक वापरत. आता बहुतेक जण सीएमसी किंवा टायलोज नावाने मिळणारी पावडर घालतात. ती सेल्युलोजपासून बनते. खऱ्या पाकळीतल्या पेशींच्या भिंतीही सेल्युलोजच्याच, ही जुळणी मला फार आवडते. साखळ्या पाणी शोषून पुरत्या फुगायला वेळ लागतो, म्हणून मळलेला गोळा रात्रभर झाकून ठेवायचा. घाई केली की कड चिरते.

वाळताना पाणी उडतं, विरघळलेली साखर पुन्हा स्फटिक होऊन कणांना कणांशी जोडते आणि वर गमचा पापुद्रा धरतो. पाकळी निम्मी पातळ असेल तर आतलं पाणी बाहेर झिरपायला साधारण पाव वेळ लागतो. त्यामुळे पातळ लाटण्याचा फायदा दिसण्यापुरता नसतो. पण हाताखालच्या पाकळ्या झाकून ठेवल्या नाहीत, तर आकार देण्याआधीच त्या कडक होतात.

तयार फूल फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. बाहेर काढताच थंड पाकळीवर हवेतली वाफ दवासारखी जमते, साखर त्यात विरघळते आणि फूल मान टाकतं. दमट हवेतही असंच होतं, फक्त सावकाश. फूल हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावं. रंग उडू नये म्हणून उजेडापासूनही दूर ठेवावं.

माझा दुसरा गुलाब अजून फोमच्या खळग्यात वाळतोय. बाहेरच्या पाच पाकळ्यांपैकी तिघींना टोक नीट आलंय. उरलेल्या दोघींची कड जरा जास्तच ताणली गेली, तिथे झालर डोकावते.