रात्रीच्या आकाशातले हलते दिवे ओळखणं (कोकण किनारा)

रात्री आकाशात एखादा दिवा सरकताना दिसतो, आवाज नाही, विमानासारखा वाटत नाही आणि ताराही वाटत नाही, अशा वेळी तो कुठल्या वेळेला, कुठल्या दिशेला, किती उंचीवर, किती वेगाने गेला आणि लुकलुकत होता की नाही एवढ्या गोष्टींवरून तो काय होता हे ठरवणं, हा या नोंदीचा विषय. कोकणासाठी हा विषय वेगळा लिहावा लागतो कारण इथलं आकाश एका बाजूला कललेलं आहे. पश्चिमेला समुद्र, पाण्याच्या रेघेपर्यंत सगळं उघडं, आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत, त्यामुळे तळाचं आकाश तिकडे दिसतच नाही. शिवाय जून ते सप्टेंबर ढगच ढग. म्हणजे बघायचे दिवस ऑक्टोबर ते मे, आणि बहुतेक गोष्टी समुद्राच्या अंगाने.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. कोणी असं काही बघितल्याचं सांगितलं की त्याला हसायचं, हे फार वाईट. रात्र रात्र पाण्यावर काढणारे तांडेल (होडीचे प्रमुख) आणि खलाशी, पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला किनाऱ्यावर येणारी माणसं, यांच्याइतकं आकाश बघणारं कोण आहे? त्यांनी बघितलेलं खरंच असतं, चुकतं ते त्याला घाईने दिलेलं नाव. म्हणून "काय होतं?" हा प्रश्न शेवटी विचारायचा, आधी "किती वाजता आणि कुठल्या बाजूला?"

पाण्याची रेघ

अंधाऱ्या पक्षात पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उभं राहिलं की समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघ नाहीशी होते, दोन्ही सारखेच काळे, आणि मग लांबच्या बोटीचा दिवा आकाशात टांगल्यासारखा दिसतो. कोकणात "समुद्रावर काहीतरी उडत होतं" म्हणून सांगतात त्यातल्या बऱ्याच गोष्टी इथेच सुटतात. पुळणीवर उभ्या माणसाला पाण्याची कड साधारण साडेचार-पाच किलोमीटरवर दिसते, तोच माणूस 30 मीटर उंच सड्यावर (कातळाच्या पठारावर) गेला तर ती जवळजवळ 20 किलोमीटरवर जाते, म्हणजे खाली न दिसणाऱ्या बोटी वर गेल्यावर दिसायला लागतात आणि रेघ कुठे होती याचा आपला अंदाज पार चुकतो. त्यामुळे दिवसाउजेडी एकदा बघून ठेवावं की आपल्या अंगणातून किंवा गच्चीतून पाण्याची कड कुठल्या माडाच्या कितव्या भागाला लागते, रात्री तेच माप कामी येतं.

त्यात एलईडी लावून मासे गोळा करणाऱ्या बोटी. केंद्र सरकारने 2017 साली या पद्धतीवर बंदी घातली, पारंपरिक मच्छीमार त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडतायत, तरी त्या दिव्यांच्या रांगा दिसतात आणि काळोखाच्या रात्री जास्त दिसतात, कारण चांदणं असलं की दिव्याला मासा तितका ओढला जात नाही. पांढरा, डोळ्यात भरणारा उजेड, पाण्यालगत, तासन्‌तास साधारण एकाच जागी आणि मग अचानक बंद, असं वर्णन आलं की आधी याचाच विचार करावा. बाकी चालत्या मोठ्या बोटीला डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, विमानालाही तेच.

माझे आजोबा तांडेल होते, त्यांची एक साधी खूण मला अजून उपयोगी पडते. ते म्हणायचे, "लाट घेता तो दिवो होडयेचो, घेणा नाय तो आभाळातलो." होडीचा दिवा एका लयीत खाली-वर होतो, मध्येच लाटेआड जातो, परत येतो. आम्ही पडवीच्या खांबाला डोकं टेकून बघायचो, म्हणजे आपलं डोकं हलत नाही आणि दिव्याचा हेलकावा खांबाच्या कडेवर स्पष्ट दिसतो. फार लांबच्या मोठ्या बोटीला ही खूण लागू पडत नाही, तिचा हेलकावा डोळ्याला कळत नाही.

दीपगृहं त्या मानाने सोपी. प्रत्येकाची उघडझाप वेगळी ठेवलेली असते, दर्यावर्दींना जागा ओळखता यावी म्हणून. निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्सवरचं, देवगडचं, जयगडचं, रत्नागिरीचं, आपल्या जवळचं जे असेल त्याचे झोत मोजून लिहून ठेवा. धुकं किंवा पातळ ढग असला की झोताचा उजेड वर सरकत गेल्यासारखा दिसतो.

समुद्रातून वर येणारे आणि घाटाकडे विझणारे

आता उपग्रह. जमिनीवर अंधार पडलेला असतो पण 400-500 किलोमीटर वर अजून ऊन असतं, त्या उन्हात चमकणारा उपग्रह आपल्याला खालून दिसतो, त्याला स्वतःचा दिवा नसतो. म्हणून तो लुकलुकत नाही, रंग बदलत नाही, आवाज नाही, एका ठाम गतीने जातो. सगळ्यात ठळक दिसतं ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. साधारण 400 किलोमीटर वर, सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेग, पृथ्वीभोवती एक फेरी जेमतेम दीड तासात. नोव्हेंबर 2000 पासून त्यात सतत माणसं राहतायत. कोकणातून ते संध्याकाळी नैऋत्येकडून किंवा वायव्येकडून, म्हणजे सरळ समुद्रातून वर आल्यासारखं दिसतं, चांगली फेरी असेल तर आपल्याला पाचेक मिनिटं मिळतात.

आणि इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ती गोष्ट येते: दिवा डोक्यावर येतो आणि घाटाकडे जाता जाता मध्येच विझतो, ढग नाही, काही नाही, बघता बघता मंद होऊन गायब. सूर्य पश्चिमेला बुडालेला, म्हणजे पृथ्वीची सावली पूर्वेला उभी राहिलेली असते, आणि तो उपग्रह त्या सावलीत शिरतो. पहाटे बरोबर उलटं होतं, सावली समुद्राकडे असते, त्यामुळे दिवा रिकाम्या आकाशात मध्येच पेटतो आणि सह्याद्रीमागे उतरतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्याअधिक "अचानक गायब झाला"च्या गोष्टी तिथेच मिटतात.

वेळेचंही गणित आहे. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, युरोपसारखा तिरका रेंगाळत नाही, म्हणून सूर्यास्तानंतर साधारण दीड तासात डोक्यावरचं अवकाश स्थानक सावलीत गेलेलं असतं, त्यानंतर थोडा वेळ ते फक्त पश्चिमेला खालच्या बाजूला दिसू शकतं. रात्री बारा वाजता डोक्यावरून ठळक दिवा गेला असं कोणी सांगितलं तर ते स्थानक नाही, विमान वगैरे शोधा.

दिव्यांची आगगाडी दिसली तर ते स्टारलिंक, म्हणजे स्पेसएक्स कंपनीचे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. 60 उपग्रहांचा पहिला मोठा गठ्ठा मे 2019 मध्ये गेला. सोडल्यावर पहिले काही दिवस ते एका ओळीत, माळेतल्या मण्यांसारखे जातात, मग हळूहळू पांगून आणखी वर चढतात आणि मंद होतात. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जळत जाणारं

उल्का एक-दोन सेकंदांत संपते, साधारण 80 ते 120 किलोमीटर उंचीवर. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहाकडून येणारा उल्कावर्षाव कोकणात पावसामुळे हातचा जातो, पण 13-14 डिसेंबरचा मिथुनेचा वर्षाव आपल्यासाठीच ठेवल्यासारखा आहे, थंडी, कोरडी हवा, लख्ख आकाश. तो फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीतून होतो.

याउलट जुना उपग्रह किंवा रॉकेटचा तुकडा परत पडताना सावकाश, जवळजवळ आडवा जातो, तुटतो, मागे ठिणग्यांची शेपटी, आणि अर्धा मिनिट-मिनिटभर दिसत राहतो. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भ, खान्देश आणि मध्य प्रदेशात हजारो लोकांनी हेच बघितलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी कडी पडली. ते चीनच्या लाँग मार्च 3बी रॉकेटचं अवशेष असावं असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच सांगितलं होतं, ते रॉकेट फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेलं. किती वेळ दिसलं, या एका उत्तरावर उल्का आणि हा प्रकार वेगळे होतात, म्हणून दिसलं की मनात आकडे मोजायला लागा.

विमान, ड्रोन, शार्पी

विमान आपल्याकडे सरळ तोंड करून येत असेल तर त्याचा पुढचा दिवा चार-पाच मिनिटं एका जागी तळपत राहतो, मग ते वळतं आणि क्षणात लाल-हिरवे दिवे दिसायला लागतात, "तो थांबला, रंग बदलला आणि पळाला" ही गोष्ट अशी तयार होते. दक्षिण कोकणात हे वाढलंय, कारण गोव्याचा दाबोळी विमानतळ होताच, त्यात ऑक्टोबर 2021 मध्ये चिपीचा विमानतळ आला आणि जानेवारी 2023 पासून गोव्यातलाच मोपा सुरू झाला, त्यामुळे वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या लोकांनी या तिन्हींच्या दिशा पाठ ठेवाव्यात. आवाज आला नाही म्हणून विमान नाही असंही नसतं. 10 किलोमीटर वरच्या विमानाचा आवाज खाली यायला अर्धा मिनिट लागतो आणि किनाऱ्यावर समुद्राची गाज तो गिळून टाकते.

ड्रोन लग्नाच्या सीझनला, तो घोंगावतो आणि अर्ध्या तासाच्या आत बॅटरीसाठी उतरतो. शार्पी, म्हणजे कार्यक्रमात लावतात ते प्रखर फिरते दिवे, त्यांचे झोत जत्रेत आणि विसर्जनाला ढगावर गोल गोल फिरतात, सगळे वर्तुळ एकाच जागेभोवती काढत असतात. 31 डिसेंबरला पुळणीवरून सोडलेले कागदी उडते कंदील मात्र फसवतात. नारिंगी, थरथरणारे, एकामागोमाग एक, वाऱ्याच्या दिशेने जाणारे. रात्री मतलई वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, म्हणून ते समुद्राकडे जातात आणि मेणबत्ती संपली की विझतात. हा प्रकार बंद व्हायला हवा, गवताने शाकारलेल्या मांगरावर किंवा आंब्या-काजूच्या बागेत असा जळता कंदील उतरला तर काय होईल याचा विचार सोडणारे करत नाहीत.

न हलता हलणारे

शुक्र. सूर्य-चंद्रानंतर आकाशातलं सगळ्यात तेजस्वी तेच. संध्याकाळी समुद्रावर उतरताना तो लाल होतो, चपटा होतो, थरथरतो, आणि पाणी शांत असेल तर त्याची उजेडाची पट्टीही पडते. तो सूर्यापासून फार लांब जात नाही त्यामुळे मध्यरात्री दिसणारा दिवा शुक्र नसतो. डिसेंबरच्या संध्याकाळी घाटावरून उगवणारा व्याध हा तारा लाल-निळा-हिरवा असा लखलखतो, खालच्या जाड हवेमुळे, आणि बऱ्याच जणांना ते ड्रोन वाटतं. दक्षिणेला अगस्ती, रत्नागिरीहून तो जास्तीत जास्त 20 अंश वर येतो, म्हणजे सतत जाड हवेतच.

पूर्ण काळोखात एकट्या दिव्याकडे टक लावली की तो सरकतोय असं वाटतं, हा डोळ्याचा धर्म आहे, सगळ्यांना होतं. त्यावर इलाज म्हणजे त्याला कशाच्या तरी कडेला लावणं. माडाची झावळी नको, ती वाऱ्यावर हलते. कौलाची कड किंवा विजेचा खांब घ्या आणि चार मिनिटं थांबा. तारा चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या रुंदीएवढा, त्यापेक्षा जास्त सरकला तर ती वस्तू खरंच हलतेय.

जुनी नावं

देवचाराच्या हातातली चूड, वेताळाची पालखी, आग्यावेताळ, गावाच्या सीमेवरून रात्री फिरणारे दिवे, या गोष्टी कोकणात प्रत्येक वाडीत आहेत. आरवलीच्या वेतोबाला भलीमोठी चामड्याची पायताणं वाहतात कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा आहे. त्या श्रद्धेची ही तपासणी नाही. एवढंच लिहावंसं वाटतं की पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडायला व्हाळातून बत्त्या घेऊन जाणारी माणसं, कुर्ल्यांसाठी खाजणात फिरणारे टॉर्च, आणि मे अखेरीला झाडाच्या झाड पेटवणारे काजवे हे सगळं लांबून बघितलं की अगदी तसंच दिसतं, आणि जुन्या माणसांनी ते बारकाईने बघितलं होतं.

नोंद कशी ठेवायची

फोनच्या घड्याळातली वेळ, मिनिटापर्यंत. दिशा खुणेने, म्हणजे "दीपगृहाच्या डाव्या हाताला". उंची मुठीने, हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश. किती सेकंद, लुकलुक होती का, वारा कुठला. मग इंटरनेटवर स्टेलेरियममध्ये ग्रह-तारे, हेवन्स-अबव्हवर उपग्रह, फ्लाइटरडारवर विमानं, मरीन ट्रॅफिकवर जहाजं बघावीत, तीच वेळ टाकून. छोट्या होड्या आणि काही लष्करी विमानं यात दिसत नाहीत हे धरून चालायचं. व्हिडिओ काढताना फोन खांबाला टेकवा आणि चौकटीत कौलाची कड येऊ द्या, नाहीतर अंधारात कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही आणि साधा शुक्र फुगून मोठी धडधडणारी तबकडी होतो, असले व्हिडिओ भरपूर फिरतात.

एवढं करूनही काही नोंदी उरतात. अमेरिकन हवाई दलाने 1952 ते 1969 प्रोजेक्ट ब्लू बुक नावाची अनोळखी उडत्या वस्तूंची चौकशी चालवली, आधीच्या काही वर्षांच्या नोंदी धरून 12,618 प्रकरणं तपासली, त्यातली 701 सुटली नाहीत. उरलेल्या नोंदीपुढे "ओळख पटली नाही" असं लिहून वेळ-दिशेसकट तशीच ठेवावी. मालवणच्या बाजूला आमच्या खळ्यातून दिसलेल्या तीन दिव्यांची एक नोंद माझ्या वहीत अशीच आहे: पहाटे 4 वाजून 50 मिनिटं, नैऋत्य, दोन मुठी वर, 40 सेकंद, वारा मतलई.