गुप्तचर संस्था आणि माहितीचा अधिकार: एक खुलासा

‘गुप्तचर संस्थांना माहिती अधिकाराचा कायदा लागूच नाही, त्यामुळे त्यांना काहीही विचारता येत नाही,’ असा संदेश सातारा-सांगलीकडच्या अनेक गटांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातला पहिला भाग बराचसा खरा असल्यामुळे दुसराही पटतो, आणि यात वाचणाऱ्याचा दोष नाही.

२००५ च्या या कायद्यातील कलम २४ नुसार, दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, नोंदवलेल्या केंद्रीय गुप्तचर व सुरक्षा संस्थांना सूट आहे. मात्र त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे ‘परंतु’ने जोडलेल्या अटीत, स्पष्ट म्हटले आहे, की भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांसंबंधीची माहिती या सुटीत मोडत नाही. मानवी हक्कांच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची मान्यता लागते, आणि मुदत नेहमीच्या ३० ऐवजी ४५ दिवसांची असते. याचा अर्थ मागितलेली प्रत्येक माहिती मिळेलच असा नव्हे, कारण कलम ८ मधील देशाच्या सुरक्षेसारखे अपवाद कायम राहतात. परंतु अर्ज करण्याचा मार्ग बंद नाही, आणि माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

शिवाय अनुसूचीत संस्था घालण्याची वा वगळण्याची अधिसूचना संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते.

हे पडताळण्यासाठी जवळच्या वाचनालयात कायद्याची मराठी प्रत मागावी आणि कलम २४ परंतुकासह वाचावे; फिरणाऱ्या संदेशात नेमके तेच गळलेले असते.