एकच दगड, सुरीलाही आणि वस्तऱ्यालाही?

ठाण्यात काय नि कुठे काय, एक समज पक्का आहे: ८००० नंबरचा वॉटरस्टोन (पाण्यावर धार लावायचा दगड; नंबर जितका मोठा, दगड तितका बारीक) घ्या, सुरमईची सुरी आणि दाढीचा वस्तरा दोन्ही भागतात. नाही भागत.

सुरीला १००० पुरतो, फार तर पुढे ३०००. त्याहून गुळगुळीत केलेली धार टोमॅटोच्या सालीवरून घसरते. वस्तऱ्याला १००० लागतो तो फक्त धारेचा उतार बसवायला. मग ४०००, ८०००, शेवटी १२००० आणि चामड्याचा पट्टा. बोथट वस्तरा थेट ८००० वर तासभर घासलात तरी तो फक्त चकाकेल.

खरी भानगड सपाटीची. सुरीचा कोन हात धरतो, त्यामुळे दगड थोडा खोलगट असला तरी निभावतं. वस्तऱ्याची पाठ आणि धार मात्र एकदमच टेकतात. सुरीने मधोमध झिजवलेल्या दगडावर वस्तरा आडवा ठेवला की दोन्ही टोकं घासतात, मधली धार कोरीच राहते. म्हणून दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा, काचेवर २२० नंबरचा वॉटरपेपर (पाण्यात चालणारा सँडपेपर) ओला करून पसरा आणि रेघा पुसेपर्यंत दगड घासा. वस्तऱ्याआधी दर वेळी. भिजवायचं म्हणाल तर पाणी शोषणारा दगड बुडबुडे थांबेपर्यंत. सिरॅमिकच्या दगडावर बहुधा नुसतं पाणी शिंपडलं तरी पुरतं.